खोत सरांची तहान

खोत सर दिसण्याआधी ऐकू यायचे. आमची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा कॉलेजच्या मागच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर होती. खाली जिन्याशी त्यांनी कुणाला तरी "काय पावणं, कुणीकडं?" असं विचारलं की वर आम्ही ताठ बसायचो. मुरगूडच्या शेतकरी घरातला उंच, रुंद माणूस. जाडाभरडा पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि बोटांची टोकं कायम कुठल्या तरी रसायनानं रंगलेली. कोल्हापुरात नोकरी करण्यात अर्धी हयात गेली होती, पण बोली त्यांनी गावाकडचीच ठेवली होती. वर्गात व्याख्या इंग्रजीत सांगायचे आणि पुढच्याच वाक्याला खाली उतरायचे : "म्हंजे काय झालं, तर क्षारानं पाणी धरलं. कुशीत घेतलं म्हणा की."

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा मी त्या विभागात रुजू झाले. मी पेठ वडगावची. आमच्या घरात कॉलेजात शिकवणारी पहिलीच. पहिल्या दिवशी सरांनी नाव-गाव काही विचारलं नाही. परीक्षानळीत मोरचुदाचा निळा खडा टाकला आणि नळी माझ्या हातात दिली.

"तापवा, कांबळे बाई."

मी तापवला. निळा रंग फिका होत गेला आणि शेवटी पांढरी भुकटी उरली. नळीच्या वरच्या थंड काचेवर दव धरलं.

"खडा हाताला ओला लागत हुता?"

"नाही, सर."

"मग ह्ये पाणी आलं कुठनं?"

"स्फटिकातलंच आहे, सर. स्फटिकजल."

"तर मग! आपल्या खात्यात एवढंच शिकवायचं. कोरडं दिसतंय म्हणून कोरडं असतंय असं न्हाय." एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातली नळी घेतली, स्टँडला लावली आणि हाक दिली, "ए, बाईंना खुर्ची आणा रे!"

पाणी धरून बसलेले क्षार हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. तोंडी परीक्षेत ते हटकून तोच काढायचे. "मोरचूद?" "पाच पाणी, सर." "धुण्याचा सोडा?" "दहा पाणी." "जिप्सम?" "दोन पाणी." मुलं अशी भराभर सांगायला लागली की त्यांना पाढा ऐकल्यासारखा आनंद व्हायचा. माणसांनाही ते असंच मापायचे. आमचे प्राचार्य म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस : "जरा पाणी घाला, लगीच गरम हुतंय आन् मग जे घट्ट बसतंय ते फोडल्याबिगर हालत न्हाय." ऑफिसातला हेडक्लार्क म्हणजे धुण्याचा सोडा, उघड्यावर ठेवला की भुगा. मला त्यांनी तुरटी ठरवलं होतं. "गढुळात पडली की गाळ खाली बसवतीया, आवाज न करता," असं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, तेव्हा मला रागवावं की हसावं कळेना.

"आणि तुम्ही, सर?" मी विचारलं.

"मी कॅल्शियम क्लोराइड. हवेतलं पाणी वढून घ्यायचं आन् आपणच विरघळून बसायचं."

ते खरंच होतं. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील कागलच्या एमआयडीसीत कामावर असताना हृदयविकारानं गेले. आम्ही भेटायला गेलो. घरची माणसं सावरून बसली होती. सर दारात चपला काढता काढताच रडायला लागले, आणि शेवटी त्या मुलाच्या आईनंच त्यांना पाणी आणून दिलं. परतताना रिक्षात म्हणाले, "मला न्यायचं न्हाय असल्या ठिकाणी. काय उपेग न्हाय माझा." पण पुढच्या वेळी ते पहिले निघाले.

दरवर्षी हिवाळ्यात ते मुलांना शहराबाहेरच्या एका दगडाच्या खाणीवर न्यायचे. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबीसर, मोत्यासारखी झाक असलेले खडे सापडतात. त्यांना झिओलाइट म्हणतात. त्यांच्याही पोटात पाणी असतं. तापवलं की सुटतं, गार झाल्यावर ते पुन्हा ओढून घेतात. एका वर्षी मीही गेले होते. सर उन्हात उकिडवे बसून छोट्या हातोडीनं पोकळी मोकळी करत होते आणि मुलं भोवती वाकली होती. खडी फोडणारी एक बाई डोक्यावरची पाटी उतरवून बघायला आली.

"काय गावलं वो मास्तर? सोनं हाय काय?"

"सोनं न्हाय, मावशी. पाणी गावलं."

"दगडात?"

"व्हय. बघा की." सरांनी स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरून तिला काचेवरचे थेंब दाखवले.

तिनं ते नीट पाहिले. मग म्हणाली, "एवढ्यानं काय जीभ भिजंल? आमी त्या खड्ड्यातलं पितो." आणि तिनं बोट दाखवलं. खाणीच्या तळाशी साचलेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं.

पुढच्या रविवारी तुरटीची पिशवी घेऊन सर एकटेच तिथं गेले. हंड्यात तुरटी किती फिरवायची, किती वेळ थांबायचं, वरचं पाणी कसं काढून घ्यायचं आणि ते उकळायचं का, हे तिथल्या बायकांना दाखवून आले. नंतर कित्येक वर्षं तुरटी पोचवायला जात होते. मला हे कळलं ते त्यांच्या मुलीकडून. ते स्वतः कधी बोलले नाहीत.

ही मुलगी, मंजू, त्यांचं एकुलतं अपत्य. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली. शाळा सुटली की बापाला घरी न्यायला लॅबमध्ये यायची आणि माझ्या टेबलाच्या कडेला बसून गृहपाठ करायची. कोल्हापूरच्या पोरींसारखी 'मी जातो, मी येतो' असंच बोलायची. बापाच्या मोठ्या आवाजाची तिला लाज वाटायची आणि अभिमानही. "आप्पा, जरा हळू. कळंब्यापर्यंत ऐकू गेलं," असं तिनं म्हटलं की ते आणखी मोठ्यानं हसायचे. पुढं ती आमच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला आली.

दुसऱ्या वर्षाला असताना सकाळी तिचे डोळे सुजायला लागले. आधी जागरण म्हणून सोडून दिलं. मग पाय सुजले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सरांना आत बोलावून सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं कामातून चालली आहेत.

थोड्या महिन्यांत डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा सर तिला घेऊन जायचे आणि बाहेर बाकावर बसून मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायचे. सगळ्यांत कठीण होतं ते पाणी. शरीरातून बाहेर जात नाही, म्हणून आत कमीच जायला हवं. दिवसाला दोन-तीन पेले, त्यात चहा आला, औषध आलं, आमटीसुद्धा आली. सरांनी पहिल्या आठवड्यात लॅबमधलं मोजपात्र घरी नेलं. मंजू भडकली.

"आप्पा, मी काय तुमचा प्रयोग हाय? त्यातनं न्हाय पिणार मी."

"अगं, माप चुकाय नको म्हणून."

"चुकू दे. भांड्यातनं द्या. माणसासारखं द्या."

दुसऱ्या दिवशी ते मोजपात्र कपाटात परत आलं होतं. "पोरगी बरोबर बोलली," एवढंच सर म्हणाले.

त्यांच्या टेबलावर पितळी तांब्या असायचा. मान मागं टाकून, ओठ न लावता, घटाघटा अख्खा तांब्या संपवायचे. दिवसात तीन-चारदा भरून आणायला सांगायचे. त्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, की तांब्या सकाळी ठेवला तसाच संध्याकाळी असतो. चहा आला तर एक घोट घेऊन कप सरकवून ठेवायचे. स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, "सरांनी पोरीसाठी व्रत धरलंय." सर फक्त "व्हय" म्हणाले. देवाधर्माचं त्यांना फारसं नव्हतं, म्हणून मला नवल वाटलं. एकदा प्रॅक्टिकल चालू असताना, समोर सगळे बर्नर पेटलेले, बाहेर एप्रिलचं ऊन, ओठांना भेगा पडलेल्या, तेव्हा मी न राहवून म्हटलं, "सर, पाणी घ्या ना."

"तिनं जेवढं प्यायचं, तेवढंच मी पितो, बाई," ते हळू म्हणाले. "घरात तिच्यासमोर न्हाय आन् हितं तिच्यामागं बी न्हाय. तहान म्हंजे काय, ह्ये बापाला ठावं पाहिजे का नको?"

वर्षभर हे असं चाललं. मध्यंतरी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, की जवळच्या कुणी मूत्रपिंड दिलं तर मुलगी जगेल. वहिनींना, म्हणजे सरांच्या पत्नीला, साखरेचा आजार होता. त्यांचं चालणार नव्हतं. सरांच्या थोरल्या भावानं आधी होकार दिला, मग त्या घरातली सगळीच गप्प झाली. सर त्यांच्यावर कधी चिडले नाहीत. "पोटातलं काढून द्या म्हणायला मी कोण? आन् मी हाय की. माझा रक्तगट जुळतोय. परीक्षा संपल्या की माझ्या तपासण्या." त्या दिवसांत ते खुशीत होते. कितीतरी महिन्यांनी जिन्यावरून त्यांचा आवाज आला.

परीक्षा संपायच्या आतच एका सकाळी लॅबमधल्या तराजूवर रसायन तोलताना सर एकदम वाकले. दोन्ही हातांनी कंबर धरली आणि स्टुलावर बसायला गेले ते खालीच बसले. घामानं शर्ट चिंब. आम्ही रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. मुतखडा निघाला. एका बाजूला नव्हे, दोन्ही बाजूंना, बरेच.

ते पुन्हा कॉलेजात आले तेव्हा सुट्टी लागली होती. लॅबमध्ये मी एकटीच उरलेली रसायनं आवरत होते. सरांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत तांबूस, खरबरीत, ज्वारीच्या दाण्याएवढा खडा होता.

"कालच पडला. काय हाय, बघा जरा."

"सर, कशाला?"

"बघा की."

मी त्याची बारीक पूड केली, नळीत टाकली, तापवली. काचेवर बारीकसं दव आलं. आणखी तापवलं, गार होऊ दिलं, मग आम्लाचा थेंब टाकला. फसफसलं. दोघांनाही आधीच माहीत असलेलं उत्तर होतं ते.

"कॅल्शियम ऑक्झॅलेट," मी म्हटलं.

"एक पाणी," सर म्हणाले.

मग त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली आणि उजेडाकडं धरली.

"पुण्याहून सांगितलं त्यांनी. ज्याच्या दोन्हीकडं खडे, त्याचं घेता येत न्हाय. उद्या माझं एकच राहिलं आन् त्यात खडा आडकला तर मी बी जाणार म्हणं." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "बाई, भांड्यातलं पाणी आटलं की क्षार खाली बसणार, खडा धरणार. ह्ये आख्खं आयुष्य मी पोरास्नी शिकवलं. मला कुणी सांगायला पाहिजे हुतं काय?"

"सर, डॉक्टर म्हणाले ना, घराण्यातही असतं ते. पाण्यामुळंच झालं असं नाही."

"आमच्या घराण्यात कुणाला न्हाय." ते उठले. नळी स्वतः धुतली, नीट पालथी घातली. "तिच्यासाठी तहान धरली आन् तीच तिच्या आड आली. ह्ये घरात कुणाला सांगू नका. खडा झाला, एवढंच ठावं हाय त्यास्नी."

मी सांगितलं नाही. पण मंजू शास्त्राची विद्यार्थिनी होती, आणि आंधळी नव्हती. पावसाळ्याच्या तोंडावर मी तिला बघायला गेले. ती उशीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, हात काड्यांसारखे. वहिनी चहा करायला आत गेल्या, तसं तिनं मला जवळ बोलावलं.

"बाई, आप्पा पाणी पीत न्हवते, ठाव हाय तुम्हाला?"

मी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"मला पहिल्यापासनं ठाव हुतं. मी भांडलो बी त्यांच्याशी. ऐकलं न्हाय." ती थांबून थांबून बोलत होती. "आता डॉक्टरांनी भरपूर प्यायला सांगितलंय, तरी पीत न्हाईत. मी झोपलोय असं बघून घोटभर घेतात. म्हणून मी आता काय करतो, बघा तुम्ही."

सर बाजारातून आले तसं तिनं आईला हाक मारून तांब्या भरून आणायला लावला.

"आप्पा, बसा हितं. प्या."

"पितो गं मागनं."

"आत्ता. माझ्यासमोर. सगळा."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग तांब्या उचलला. पूर्वी मान मागं टाकून प्यायचे तसं त्यांना जमेना. लहान मुलासारखा काठाला तोंड लावून प्यायला लागले. घोट उतरताना त्यांचा गळा हलत होता आणि डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. मंजू एकटक बघत होती. तिची जीभ नकळत ओठांवरून फिरली. तांब्या रिकामा झाल्यावर तिनं तो हातात घेतला, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आता मला बरं वाटलं. रोज असंच प्यायचं. मी गेलो तरी प्यायचं."

"असं बोलायचं न्हाय," वहिनी दारातून म्हणाल्या.

"बरं, न्हाय बोलत. पण प्यायचं."

श्रावण संपता संपता ती गेली. पहाटे धाप लागली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. मी पोचले तेव्हा सर ओसरीवर बसले होते. दुसऱ्याच्या दारात चपला काढतानाच रडणारा तो माणूस त्या दिवशी रडला नाही. येणाऱ्या प्रत्येकाला जागा करून देत होता. "या. हिकडं सावली हाय, हिकडं बसा," असं म्हणत होता. वहिनी आत मोठ्यानं हाका मारत होत्या. ते मधूनच उठून दारापर्यंत जायचे आणि आत न जाता परत यायचे.

दिवस-कार्य उरकून सर कामावर आले. शिकवण्यात काही उणं नव्हतं. उलट पूर्वीपेक्षा नीटस शिकवायचे, विषय सोडून एक वाक्य नाही. प्राचार्यांना ते प्राचार्यच म्हणायला लागले. नव्या मुलांना ते कडक, कमी बोलणारे मास्तर वाटत. पूर्वीच्या गमती सांगितल्या तर त्यांना खऱ्या वाटत नसत. तोंडी परीक्षेत क्षारांच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. तो भाग शिकवायची वेळ आली की वेळापत्रकात माझं नाव असायचं. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. पाणी मात्र प्यायचे. ठरल्या वेळी तांब्या उचलायचे, भिंतीकडं तोंड करून, औषध घ्यावं तसा संपवायचे.

मंजूच्या वर्गातल्या मुली पदवी घेऊन पेढे द्यायला आल्या, तेव्हा मी घाबरले होते. सरांनी प्रत्येकीचा पेढा घेतला, पुढं काय करणार म्हणून विचारलं. सगळ्या गेल्यावर ते पेढे तळहातावर तसेच ठेवून उभे राहिले. मी कागद पुढं केला. त्यांनी ते त्यात बांधले. "मंजूच्या आईला सांगायचं कसं, ह्यो इचार करतोय," म्हणाले.

नवं शतक लागलं आणि सर निवृत्त झाले. निरोपसमारंभात बोलायला उठले, "सगळ्यांनी सांभाळून घेतलं," एवढं म्हणाले आणि बसले. कोल्हापूरचं घर मोडून दोघं मुरगूडला गेली. कधीमधी खुशाली कळायची. वहिनींची साखर डोळ्यांत उतरली, आधी अंधुक दिसायचं, मग तेही गेलं, असं कुणीतरी सांगितलं. मी जाईन जाईन म्हणत होते.

पुढं काही वर्षांनी प्रॅक्टिकल परीक्षेची बाहेरची परीक्षक म्हणून मी एसटीनं त्या बाजूला निघाले होते. सकाळी गाडी मुरगूडच्या स्टँडवर थांबली. खिडकीबाहेर, अगदी चार हातांवर, बाकावर सर आणि वहिनी बसले होते. गाडीची वाट बघत नव्हते, सामान नव्हतं. घराबाहेर येऊन बसायचं म्हणून बसलेले दिसत होते. सर खूप वाळले होते. वहिनींचा हात त्यांच्या हातात होता आणि ते त्यांना हळू आवाजात काहीतरी सांगत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि त्यांचे शब्द कानावर आले.

"उसाचा ट्रॅक्टर चाललाय. मागं दोन ट्रॉल्या. लई भरलाय, झोलतोय."

"आणि?"

"केळीवाला बसलाय. केळी जरा काळी पडल्यात. न्हाय घ्यायची आज."

शेजारून घाईघाईनं पावलं वाजत गेली. वहिनींनी मान वळवली.

"कोण गेलं वो?"

"कोन न्हाय. पोरगी हाय एक. कालेजला निघालीया."

"कशी हाय?"

ती मुलगी रस्ता ओलांडून दुकानांच्या रांगेजवळून झपझप चालत होती. कोपऱ्यावर वळली.

"सांगा की."

"उंच हाय," सर म्हणाले. "एक वेणी घातलीया. खांद्याला पिशवी हाय. उशीर झालाय वाटतं, बिगीबिगी चाललीया."

"अजून दिसतीया?"

कंडक्टरनं घंटी दिली. कोपऱ्यावर कुणीच नव्हतं. नुसतं सकाळचं ऊन पडलं होतं.

"व्हय," सर म्हणाले. "अजून दिसतीया."